निर्णयसागरचे जावजी दादाजी

गेल्या दिवाळीची सुटी संपून शाळा उघडली, त्याच आठवड्यांत आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी आम्हांस भेटावयास आला. तुमसरच्या बाजारांत त्याच्या वडिलांचें धान्याचें लहानसें दुकान आहे. तो स्वतः मात्र पुण्यास वेबसाइट घडविण्याचा उद्योग करतो. आमच्या विनंतीवरून तो संगणकाच्या खोलींत नववीच्या वर्गासमोर उभा राहिला व आपला दिवस कसा जातो, हें त्यानें मुलांस सांगितलें. त्याचा बहुतेक वेळ नवें लिहिण्यांत जात नाहीं, चुका शोधण्यांत जातो. एखादें विरामचिन्ह राहून गेलें, तरी चाललेलें काम बंद पडतें. मग चहाचे पेले रिकामे होत जातात, आणि ती चूक सांपडेपर्यंत जेवणाची शुद्ध राहत नाहीं. पोटापाण्याचें काम आटोपल्यावर रात्रीं तो आणखी एक काम करतो. त्यास वेतन नाहीं. दूरदेशींच्या, कधीं न पाहिलेल्या माणसांबरोबर तो एका सार्वजनिक प्रोग्रामची दुरुस्ती करीत असतो. त्या प्रोग्रामचा मूळ मजकूर सर्वांस खुला आहे. ज्यास चूक दिसेल त्यानें ती दाखवावी, साधल्यास सुधारावी, असा त्या मंडळींचा नियम आहे. यालाच ओपन सोर्स म्हणतात.

तेव्हां एका मुलीनें विचारलें कीं, सारेंच उघडें ठेवलें तर चोर तें नेणार नाहींत काय? मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें कीं, पैसा मिळत नसतां माणसें हें काम करतात तरी कशासाठीं? दोन्ही प्रश्न चांगले होते. पाहुणा उत्तर देऊं लागला तोंच घंटा झाली, व उत्तर अर्धें राहिलें.

तें अर्धें उत्तर आमच्या मनांत घोळत होतें. पुढें कांहीं दिवसांनीं कपाटांतून एक जुनें संस्कृत पुस्तक काढलें असतां त्याच्या मुखपृष्ठावर निर्णयसागर हें नांव दिसलें, आणि तळटीपांकडे पाहतां पाहतां आम्हांस वाटलें कीं, या दोन प्रश्नांचें बरेंचसें उत्तर ज्यानें हा छापखाना उभारला त्या गृहस्थाच्या चरित्रांत आहे. तें चरित्र आम्ही आज विद्यार्थिमित्रांपुढें ठेवीत आहों.

जावजी दादाजी चौधरी यांचा जन्म १८३९ सालीं झाला. घरची गरिबी असल्यामुळें शाळेचें शिक्षण त्यांस फारसें लाभलें नाहीं. त्या काळीं मुंबईंत मराठी छपाईचें वय कांहीं मोठें नव्हतें. १८१३ सालीं मुंबईंत आलेल्या अमेरिकन मिशननें १८१७ पासून मराठी छापण्यास आरंभ केला होता. तें काम पाहून गणपत कृष्णाजी या उद्योगी गृहस्थानें स्वतःच्या खटपटीनें शिळाछापाचा छापखाना उभा केला व १८३१ सालीं मराठी पंचांग छापून काढलें. त्या पिढीस छापलेला कागद ही नवलाची वस्तु होती. आणि सोंवळ्याओंवळ्याच्या कल्पनेमुळें छापील धर्मग्रंथास हात लावण्यास पुष्कळ लोक कचरत असत.

मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहॅम नांवाचे एक कसबी गृहस्थ होते. मराठी अक्षरांचे ठसे कोरून खिळे पाडण्याची कला त्यांनीं चांगली हस्तगत केली होती. त्यांच्या हाताखालीं जावजी लहान वयांतच कामास लागले. महिना दोन रुपये इतकें त्यांचें आरंभींचें वेतन सांगतात. काम होतें खिळे घासण्याचें.

हें काम काय असतें, हें आजच्या मुलांस सांगावयास पाहिजे, कारण शिशाचा खिळा आतां पाहावयासही मिळत नाहीं. भंडाऱ्याचीं पितळी भांडीं आपल्या जिल्ह्यांत सर्वांच्या परिचयाचीं आहेत. तेव्हां धातु वितळविणें व तिला आकार देणें हें तुम्हांस अगदींच अपरिचित नाहीं. प्रथम पोलादाच्या कांडीच्या टोकावर अक्षर उलटें कोरतात. कोरतां कोरतां ती कांडी दिव्याच्या ज्योतीवर धरून तिला काजळी लावावयाची, कागदावर दाबावयाची, व अक्षर कसें उमटतें तें पाहावयाचें. वाकडें दिसल्यास पुन्हां कानस घ्यावयाची. मनासारखें अक्षर झालें म्हणजे पोलादास पाणी देऊन तें कठीण करतात व तांब्याच्या तुकड्यावर ठोकतात. तांब्यांत अक्षराचा सुलटा खळगा पडतो. तो साच्यांत बसवून शिसें, अँटिमनी व कथील यांचा रस ओतला कीं खिळा तयार होतो. खिळ्यावर अक्षर पुन्हां उलटें, व कागदावर तें सुलटें. एका साच्यांतून असे हजारों खिळे निघतात. परंतु प्रत्येक खिळ्यास धातूची कोर राहते, ती घासून काढावी लागते. खिळा केसभर उंच राहिला तर कागद फाटावयाचा, केसभर बुटका राहिला तर अक्षर उमटावयाचें नाहीं.

जावजींच्या बालपणीचे दिवस हे असे घासण्यांत गेले. कोणी म्हणेल, हें तर हमालाचें काम. परंतु ज्याच्या हातांखालून दररोज शेंकडों खिळे जातात, त्याचे डोळे उघडे असले तर कोणत्या अक्षराचा कान कोठें मोडतो, कोणती वेलांटी पुढच्या अक्षरावर आदळते, कोणता साचा झिजला आहे, हें सारें त्यास कळूं लागतें. चुकांचें हें ज्ञान पुस्तकांतून मिळत नाहीं. आमचा पुण्याचा माजी विद्यार्थीही हेंच सांगत होता कीं, दुसऱ्यानें लिहिलेल्या प्रोग्रामांतील बारीकसारीक चुका दुरुस्त करतां करतांच तो स्वतः लिहावयास शिकला. मिशनच्या छापखान्यानंतर जावजींनीं मुंबईंतील दुसऱ्याही छापखान्यांत काम केलें, व घासणाऱ्या मुलाचा ओतकामांतील जाणता कारागीर झाला.

१८६४ सालीं, वयाच्या पंचविशीच्या सुमारास, त्यांनीं स्वतःची खिळे ओतण्याची शाळा काढली. येथें त्यांस राणोजी रावजी आरू यांच्यासारखा सहकारी लाभला. आरू हे अक्षर कोरण्यांत निष्णात होते. जावजींची ओतकामांतील पारख व आरूंचा कोरणारा हात यांच्या मिलाफांतून जीं अक्षरें निघालीं, तीं निर्णयसागरचीं अक्षरें म्हणून पुढें देशभर प्रसिद्ध झालीं.

देवनागरी अक्षर घडविणें हें इंग्रजीपेक्षां पुष्कळ कठीण. इंग्रजींत थोडकीं अक्षरें एकापुढें एक मांडलीं कीं शब्द झाला. आपल्या लिपींत काना पुढें, वेलांटी मागें किंवा पुढें, मात्रा डोक्यावर, उकार पायाशीं. शिवाय क्ष, ज्ञ, श्र, द्ध, ह्म अशीं जोडाक्षरें. त्यामुळें एका आकाराच्या मजकुरास शेंकडों निरनिराळे खिळे लागतात, व ते सर्व एका कुळांतले दिसावे लागतात. एका शब्दांतील ग जाड व म बारीक दिसला तर वाचकाचा डोळा अडखळतो. जावजींच्या ओतशाळेचीं अक्षरें भरदार, डौलदार आणि एकमेकांशीं मेळ असलेलीं होतीं. तीं दूरदूरच्या छापखान्यांनीं विकत घेतलीं. अशा रीतीनें, ज्या पुस्तकांशीं जावजींचा कांहींएक संबंध नव्हता, त्यांचीही पानें त्यांच्या खिळ्यांनीं छापलीं गेलीं. हत्यार करणाऱ्याच्या कामाची थोरवी ती हीच. त्याचें नांव कोणास आठवो वा न आठवो, त्याच्या श्रमांवर दुसऱ्यांचें काम उभें राहतें.

१८६९ सालीं जावजींनीं निर्णयसागर छापखाना सुरू केला. मुंबईच्या काळबादेवी भागांतील कोलभाट गल्ली हा त्याचा पत्ता पुस्तकांच्या मुखपृष्ठांवरून पंडितांच्या घरोघरीं जाऊन पोहोंचला. निर्णयसागर पंचांग तर सामान्य गृहस्थाच्या भिंतीवरही लटकूं लागलें. १८८१ सालीं विनायक कोंडदेव ओक यांच्या संपादकत्वाखालीं मुलांसाठीं बालबोध हें मासिक येथूनच निघूं लागलें. ज्यास स्वतः लहानपणीं शाळेंत फार बसावयास मिळालें नाहीं, त्याच्या छापखान्यांतून महाराष्ट्राच्या मुलांस दरमहा वाचावयास मिळूं लागलें, ही गोष्ट आम्हांस मोठी सुंदर वाटते.

परंतु जावजींचें सर्वांत मोठें काम याहून निराळें आहे, व आमच्या वर्गांतील प्रश्नांचें उत्तर त्यांत आहे. त्या काळीं संस्कृत काव्यें, नाटकें व अलंकारग्रंथ यांतील पुष्कळसे हस्तलिखित पोथ्यांच्या रूपांत होते. पोथी कोणाच्या तरी घरीं, कापडांत बांधलेली, वरच्या फळीवर. मालक मनाचा उदार असला तर ती पाहावयास मिळे; नसला तर वाळवीच्या पोटांत जाई. शिवाय प्रत्येक नक्कल करणाऱ्याकडून कांहीं ना कांहीं चुकत असे. एकाची ओळ गळे, दुसऱ्याचा शब्द बदले, आणि ती चूक पुढच्या नकलेंत वंशपरंपरेनें उतरे. विद्या बंद कपाटांत राहिली कीं ती सुरक्षित राहते, असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती तेथेंच कुजते.

१८८६ सालीं निर्णयसागरांतून काव्यमाला ही ग्रंथमाला मासिकरूपानें निघूं लागली. पंडित दुर्गाप्रसाद व काशीनाथ पांडुरंग परब हे तिचे संपादक. निरनिराळ्या ठिकाणच्या पोथ्या मिळवून, त्या एकमेकींशीं ताडून, शुद्ध पाठ ठरवून, त्यांनीं एकामागून एक दुर्मिळ ग्रंथ लोकांपुढें आणले. आतां येथें एक गोष्ट लक्षपूर्वक पाहा. संपादकांनीं जो पाठ स्वीकारला तो वर छापला. पण दुसऱ्या पोथींत जो निराळा पाठ होता, तो टाकून दिला नाहीं. पोथ्यांस क, ख, ग अशा खुणा देऊन ते पाठभेद पानाच्या तळाशीं बारीक अक्षरांत दिले.

कोणी विचारील, एवढा खटाटोप कशास? आपण पंडित आहों, आम्हीं ठरविला तोच पाठ खरा, असें म्हणून त्यांस मोकळें होतां आलें असतें. पुस्तकही थोडें स्वस्त पडलें असतें, व जुळाऱ्यांचें श्रम वांचले असते. परंतु तळटीप देणें याचा अर्थ वाचकास असें सांगणें कीं, आम्हीं निर्णय कसा केला त्याचें साधन तुमच्यापुढें आहे; आमचें चुकलें असेल तर तुम्ही तें पकडूं शकाल. काशीचा शास्त्री असो, वा जर्मनींतील प्राध्यापक असो, ज्याच्या हातांत तें पुस्तक पडलें त्यास संपादकांचें काम तपासण्याचा अधिकार मिळाला. निर्णयसागरच्या प्रती देशोदेशींच्या विद्वानांनीं प्रमाण म्हणून वापरल्या, याचें कारण त्यांत चुका नव्हत्या हें नव्हे. चूक असल्यास ती दिसावी अशी सोय त्यांत होती, हें आहे.

मुलीच्या पहिल्या प्रश्नाचें उत्तर आम्हांस येथें सांपडलें. उघडें ठेवलेलें काम चोरतां येत नाहीं, कारण तें आधींच दिलेलें असतें. आपल्या भागांतील शेतकऱ्यानें चांगल्या धानाचें पायलीभर बियाणें शेजाऱ्यास दिलें, म्हणून त्याचें स्वतःचें शेत कांहीं उजाड होत नाहीं. उलट पुढल्या वर्षीं त्याचें बियाणें बुडालें, तर शेजाऱ्याकडून तें परत मिळण्याची सोय होते. आणि उघडें काम फुकट गेलें असें होऊं नये, म्हणून संगणकाच्या लोकांनीं नियमही केले आहेत. १९८३ सालीं रिचर्ड स्टॉलमन यांनीं अमेरिकेंत ग्नू नांवाचें कार्य जाहीर केलें. त्यांतून जो परवाना निघाला, त्याची अट अशी कीं, खुला प्रोग्राम कोणीही घ्यावा, बदलावा. परंतु बदललेला प्रोग्राम दुसऱ्यास देणाऱ्यानें त्याचा मूळ मजकूरही त्याच मोकळेपणानें दिला पाहिजे. १९९१ सालीं फिनलंडमधील लिनस टॉरव्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें लिनक्सचा पाया घातला, व पुढें तें याच परवान्याखालीं आणलें. १९९३ सालीं, टिम बर्नर्स-ली ज्या संस्थेंत होते त्या जिनिव्हाजवळील सर्न संस्थेनें, वेबचें मूळ तंत्र कोणासही शुल्काविना वापरतां येईल असें जाहीर केलें. आपण रोज ज्या वेबसाइट पाहतों, त्या या औदार्यावर उभ्या आहेत.

येथें सत्यास धरून एक गोष्ट सांगितली पाहिजे. जावजी दादाजी हे व्यापारी होते. त्यांचे खिळे विकत मिळत, पुस्तकें विकत मिळत, आणि त्या विक्रीवरच कारागिरांचीं घरें चालत. फुकट वांटणें हा त्यांचा धर्म नव्हता, व तसा आव आम्ही त्यांच्या वतीनें आणीत नाहीं. मुद्दा दामाचा नाहीं, झांकण्याचा आहे. दाम घेऊनही ज्ञान उघडें ठेवतां येतें, आणि दाम न घेतांही तें झांकून ठेवतां येतें. जावजींनीं पहिला मार्ग धरला. आजही खुल्या प्रोग्रामवर काम करणारे पुष्कळ लोक त्यावरच चरितार्थ चालवितात.

अक्षरांच्या बाबतींत मात्र आजचे कारागीर जावजींच्या पुढें एक पाऊल गेले आहेत. संगणकावरही अक्षर कोणीतरी घडवावें लागतेंच. पोलादाऐवजीं तेथें रेषांचीं मापें असतात, एवढाच भेद. मराठीस तर स्वतःची अशी अडचण आहे. आचार्यांस बोलवा व आचाऱ्यांस बोलवा या दोन वाक्यांत जो भेद आहे, तो एका लहानशा र नें होतो. तो नीट उमटला नाहीं तर गुरुजींच्या जागीं स्वयंपाकी येऊन उभे राहावयाचे. हा अर्धा ऱ हिंदीस लागत नाहीं, म्हणून मराठीची काळजी मराठी जाणणाऱ्यांसच घ्यावी लागते. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीनें घडविलेलीं लोहित या नांवाचीं भारतीय लिप्यांचीं अक्षरें रेड हॅट कंपनीनें २००४ सालीं खुल्या परवान्याखालीं दिलीं. मुंबईच्या एक टाइप या संस्थेनें घडविलेलीं मुक्ता व बलू हीं अक्षरेंही अशींच खुलीं आहेत. तीं घ्यावयास दाम लागत नाहीं, आणि दोष दिसल्यास दुरुस्त करण्याची मोकळीक आहे.

जावजी दादाजी १८९२ सालीं निवर्तले. वय त्रेपन्नाच्या सुमारास होतें. परंतु त्यांनीं काम एकट्याच्या हातांत ठेवलें नव्हतें. त्यामुळें तें त्यांच्याबरोबर संपलें नाहीं. जुन्या पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर पुढें तुकाराम जावजी, त्यानंतर पांडुरंग जावजी, व त्यानंतर सत्यभामाबाई पांडुरंग हीं नांवें दिसतात. शिशाच्या खिळ्यांचा काळ आतां गेला आहे. तथापि काव्यमालेचीं पुस्तकें अद्याप अभ्यासिलीं जातात, आणि त्यांच्या तळटीपा आजही वाचकास तपासावयास बोलावीत आहेत.

राहिला मागच्या बाकावरील मुलाचा प्रश्न. पैसा नसतां माणसें हें काम कां करतात? आमच्या मतें, याचीं कारणें दोन. एक असें कीं, जो चांगलें काम शिकला, तो कोणाच्या तरी उघड्या कामाकडे पाहूनच शिकला. ग्रॅहॅम यांनीं आपली कला पेटींत बंद करून ठेवली असती, तर खिळे घासणारा मुलगा जन्मभर खिळेच घासत राहिला असता. ज्यास हें ऋण जाणवतें, तो तें पुढच्यास फेडतो. दुसरें कारण असें कीं, आपली चूक चार लोकांनीं पाहिली तर काम सुधारतें. आणि सुधारलेलें काम पाहण्यांत जो आनंद आहे, तो एकट्यानें झांकून ठेवलेल्या कामांत नाहीं. हा आनंद ज्यानें एकदां चाखला, तो रात्रीं जागतो.

पालकांस आमची विनंती एवढीच कीं, मुलगा किंवा मुलगी संगणकासमोर बसली असतां ती केवळ पाहत आहे, कीं कांहीं उघडून त्याची घडण समजून घेत आहे, हें एकदां प्रेमानें विचारावें. पाहणें वाईट नव्हे. परंतु त्यांत आयुष्य जाऊं नये. आणि विद्यार्थिमित्रहो, आरंभ करण्यास मुंबई-पुण्यास जाण्याची गरज नाहीं. १ मे २००३ रोजीं सुरू झालेला मराठी विकिपीडिया सर्वांच्या दुरुस्तीसाठीं खुला आहे. त्यांतील तुमसरची माहिती काढून वाचा. आपल्या तांदळाच्या बाजाराविषयीं, आसपासच्या मँगनीजच्या खाणींविषयीं, तुमसर रोड स्थानकाविषयीं त्यांत काय आहे व काय नाहीं, तें ताडून पाहा. चूक आढळल्यास वडीलधाऱ्यांस विचारून, खात्री करून, आधार देऊन सुधारा. तुमच्या दुरुस्तीवर कोणी दुरुस्ती केली तर राग मानूं नका. ती तळटीप आहे असें समजा.

या लेखास तोच नियम लागू आहे. त्यांत कोणास चूक दिसल्यास शिक्षकांच्या खोलींत येऊन निःसंकोच दाखवावी. पुढील अंकांत आम्ही ती दाखविणाऱ्याच्या नांवासह आनंदानें छापूं.